बांगड्याच्या कल्ल्यातला पाहुणा आणि समुद्रतळाचा डॉक्टर: आल्फ्रेड ॲल्कॉक यांची गोष्ट



डिसेंबरातल्या एका रविवारची गोष्ट. आई ओट्यापाशी बांगडे साफ करत होती. एकाचा कल्ला उचलला तर आत काहीतरी पांढुरकं, बोटाच्या पेराएवढं, चिलखत घातल्यासारखं बसलेलं. त्याला चक्क पाय होते. भाचा शेजारीच उभा होता. त्याने ते बघितलं आणि आजपासून मासे बंद, असं जाहीर करून टाकलं. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माशातले किडे पोटात जाऊन काय काय करतात, याचे तीन मेसेज फिरले. त्यातला एकही धड नव्हता.

आम्ही मूळचे मालवणकडचे, पण दोन पिढ्या पुण्यात. इथे समुद्र नाही. मासा बर्फात बसून घाट चढून येतो, आणि त्याच्या आयुष्याबद्दल आपल्याला फार काही माहीत नसतं. म्हणून मी त्या प्राण्याचा फोटो काढला आणि शोधायला बसलो. शोधता शोधता एका माणसापाशी पोचलो. आजचा लेख त्याच्याबद्दल आहे. मासा खायचा की नाही, याचं उत्तर शेवटी आहेच, पण आधी ही गोष्ट वाचा. उत्तर त्यामुळे नीट कळेल.

## कल्ल्यात होतं तरी काय?

तो होता आयसोपॉड. खेकडा आणि कोळंबीच्या दूरच्या नात्यातला, म्हणजे कवचधारी प्राणी. त्यातल्या सायमोथॉइड नावाच्या कुळातले प्राणी माशांच्या अंगावर, तोंडात किंवा कल्ल्यात राहतात आणि माशाचं रक्त पितात. पिल्लू पोहत येतं आणि मासा पकडतं. ते आधी नर असतं आणि पुढे मोठं झालं की त्याचीच मादी होते. याच कुळातला सायमोथोआ एक्झिग्वा हा भाऊबंद माशाची जीभ निकामी करतो आणि तिच्या जागी स्वतः बसतो. मासा मग त्यालाच जिभेसारखं वापरतो.

वाचून अंगावर काटा येतो, मान्य. पण हा प्राणी माणसाच्या अंगात राहू शकत नाही. त्याला मासाच लागतो.

आता ॲल्कॉक यांचं नाव कुठून आलं ते सांगतो. प्राण्याच्या शास्त्रीय नावापुढे बहुतेक वेळा एक आडनाव आणि एक साल असतं. त्या प्राण्याचं पहिलं शास्त्रशुद्ध वर्णन कोणी आणि कधी केलं, ते त्यावरून समजतं. बांगडा झाल्यावर मी सहज बोंबील शोधला. आपल्या बोंबलाचा एक खोल पाण्यातला चुलत भाऊ आहे, हार्पाडॉन स्क्वामोसस. त्याच्यापुढे लिहिलं होतं ॲल्कॉक, 1891. मग खोल पाण्यातले आणखी मासे काढले. लॅम्प्रोग्रॅमस नायजर, पुन्हा ॲल्कॉक, 1891. एका चपट्या माशापुढे ॲल्कॉक, 1894. अंधारात राहून डोळे जवळपास गमावलेल्या एका विजेच्या पाकटापुढे ॲल्कॉक, 1898. हिंदी महासागराच्या तळाशी हा एकच माणूस बसून होता की काय, असं वाटायला लागलं.

## मुंबईत जन्म, मग बरीच भटकंती

आल्फ्रेड विल्यम ॲल्कॉक यांचा जन्म 23 जून 1859 रोजी मुंबईत झाला. वडील जहाजाचे कप्तान होते. शाळा इंग्लंडमध्ये झाली, पण 1876 मध्ये वडिलांना पैशांचा मोठा फटका बसला आणि शिक्षण अर्धवट राहिलं. सतरा वर्षांच्या मुलाला पुन्हा हिंदुस्थानात पाठवलं गेलं, वायनाडच्या कॉफीच्या मळ्यांवर. तिथे कॉफीचा धंदा बसत चालला होता, पण मलबारच्या जंगलात फिरायला मिळालं. मग कोलकात्यात एका दलालाच्या ऑफिसात नोकरी लागली. ते ऑफिसही लवकरच बंद पडलं.

पुढचा टप्पा मला लपवायचा नाही. 1878 ते 1880 या काळात ॲल्कॉक पुरुलियात होते आणि त्यांचं काम होतं आसामच्या चहाच्या मळ्यांसाठी मजूर भरती करणं. त्या मळ्यांवर माणसं कशी नेली जात आणि तिथे ती कशी मरत, हा आपल्या इतिहासातला काळा भाग आहे. हिवताप, काळा आजार, पोटातले अंकुशकृमी, सगळं तिथे होतं. विशीच्या आसपासचा हा मुलगा त्या यंत्रातला एक छोटा खिळा होता. हे लक्षात ठेवा, कारण आसाम या गोष्टीत परत येणार आहे.

पुरुलियातच त्यांना जीवशास्त्राच्या वाचनाची गोडी लागली. नंतर दार्जिलिंगच्या एका शाळेत त्यांनी काही काळ शिकवलं. 1881 मध्ये ते स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला गेले, 1885 मध्ये डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये भरती होऊन वायव्य सरहद्दीवरच्या पलटणीत रुजू झाले. 1888 मध्ये त्यांना एक वेगळीच जागा मिळाली, ती म्हणजे जहाजावरचा सर्जन-नॅचरॅलिस्ट. खलाश्यांची दुखणी बघायची आणि उरलेल्या वेळात समुद्रातले प्राणी.

## इन्व्हेस्टिगेटर: दोन किलोमीटर खालचा मासा वर यायचा कसा?

जहाजाचं नाव होतं इन्व्हेस्टिगेटर. मुंबईच्या गोदीत 1881 मध्ये बांधलेलं, दोन्ही बाजूंना चाकं असलेलं वाफेचं जहाज. मुख्य काम होतं किनाऱ्यांचे आणि खोलीचे नकाशे बनवणं. पण बंगालच्या एशियाटिक सोसायटीने 1871 पासून सरकारकडे आग्रह धरला होता की समुद्राच्या तळाचाही अभ्यास व्हावा. त्यातूनच पुढे सर्जन-नॅचरॅलिस्टचं पद आलं. जगप्रसिद्ध चॅलेंजर मोहिमेने 1872 ते 1876 मध्ये जगभरचे समुद्र पालथे घातले होते, पण अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर तिच्या वाटेवर नव्हते. ते काम इन्व्हेस्टिगेटरने केलं.

आता तंत्रज्ञान समजून घेऊ. तेव्हा सोनार नव्हतं. खोली मोजायची म्हणजे पोलादी तारेला वजन बांधून सोडायचं आणि ते तळाला टेकेपर्यंत तार मोजत राहायचं. खोलीचं माप होतं फॅदम. एक फॅदम म्हणजे सहा फूट, साधारण 1.83 मीटर. हजार फॅदम म्हणजे सुमारे 1830 मीटर. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एक वातावरणाने वाढतो, म्हणजे त्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या सुमारे 180 पट. पाणी फ्रिजमधल्यासारखं थंड आणि सूर्यप्रकाश शून्य.

तिथे जाळं सोडायचं. ट्रॉल म्हणजे चौकटीवर ताणलेली जाळ्याची पिशवी. जहाज हळूहळू पुढे जाणार, पिशवी तळावरून घासत जाणार आणि मग वाफेच्या यंत्राने दोर गुंडाळायचा. एका खेपेला काही तास जायचे. खाली काय चाललंय ते दिसायचं नाही. दोर तुटला तर सगळं गेलं. वर आलं तर बऱ्याचदा नुसता चिखल, मग तो चाळत बसायचं. दोर ओढायला खलाशी होतेच. रॉयल इंडियन मरीनमध्ये आपल्या रत्नागिरीकडचे खलाशी मोठ्या संख्येनं असत.

यात परजीवींच्या दृष्टीने एक मोठी अडचण होती. वर येताना दाब झपाट्याने कमी होतो. ज्या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, त्यांची ती फुगते, डोळे बाहेर येतात, पोट तोंडावाटे उलटतं. शिवाय जाळ्यात दगड-चिखलाशी घासून खवले सोलले जातात. म्हणजे अंगावर चिकटून बसलेले पाहुणे वाटेतच गळून पडायची शक्यता मोठी. जे आत रुतलेले असतात, तेच टिकतात.

मिळालेले प्राणी स्पिरिटमध्ये बुडवायचे. टिकवण्यासाठी फॉर्मलीन वापरायची पद्धत 1893 नंतर रुळली. त्याआधी अल्कोहोल हाच राजमार्ग होता. तेव्हा कोणाला कल्पना नव्हती, पण डीएनए टिकायला अल्कोहोल फॉर्मलीनपेक्षा बरं असतं. हे आपल्याला पुढे उपयोगी पडेल.

जहाज कोरड्या ऋतूत फिरायचं. पावसाळ्यात ॲल्कॉक कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये बसून बरण्या उघडायचे, मोजमापं घ्यायचे, लिहायचे. सोबत चित्रकार होते ए. सी. चौधरी आणि एस. सी. मंडल. कॅमेऱ्याला जमणार नाही इतके बारीक काटे आणि खवले त्यांनी हाताने काढले. खोल समुद्रातले कितीतरी हिंदी मासे जगाने पहिल्यांदा पाहिले ते या दोघांच्या रेषांमधून.

## पाहुणा, भागीदार की परजीवी?

इथे ॲल्कॉक यांची खरी हुशारी दिसते. मासा मिळाला, नाव दिलं, बरणी बंद केली, असं ते करत नसत. या प्राण्याच्या अंगावर आणखी कोण आहे, आणि या दोघांचं एकमेकांशी नातं काय, हेही ते बघत.

उत्तम उदाहरण म्हणजे मिनूस इनर्मिस हा छोटा काटेरी मासा. जाळ्यात आलेल्या या माशांच्या अंगावर मऊ शेवाळासारखं काहीतरी उगवलेलं होतं. ते शेवाळ नव्हतं. ती होती हायड्रॉइडची वसाहत, म्हणजे जेलीफिशच्या नात्यातले चिमुकले प्राणी, एकमेकांना जोडून राहणारे. घाईचा माणूस म्हणाला असता, माशाला रोग झालाय. ॲल्कॉक यांनी तपासून 1892 मध्ये लिहिलं की हे सहभोजन आहे. हायड्रॉइडला फिरती जागा मिळते, माशाला तळावर लपायला आयतं पांघरूण मिळतं. हायड्रॉइडला त्यांनी स्टायलॅक्टिस मिनोई असं नाव दिलं, माशावरूनच.

तीन शब्द इथेच पक्के करून टाकू:

- परजीवी: एकाचा फायदा, दुसऱ्याचं नुकसान. उदाहरणार्थ बांगड्याच्या कल्ल्यातला तो आयसोपॉड.
- सहभोजी: एकाचा फायदा, दुसऱ्याचं फारसं काही बिघडत नाही.
- सहजीवी: दोघांचाही फायदा.

बाहेरून बघताना तिन्ही सारखेच दिसू शकतात. एका प्राण्याच्या अंगावर दुसरा बसलेला, बस्स. फरक कळायला दोघांचं आयुष्य बघावं लागतं.

आणखी एक गंमत. त्याच समुद्रात बाथिनोमस नावाचा राक्षसी आयसोपॉड मिळाला, हातभर नाही तरी वीतभर नक्की. मेक्सिकोच्या आखातातून तो 1879 मध्ये जगाला माहीत झाला होता, नंतर इन्व्हेस्टिगेटरच्या जाळ्यातही आला. दिसायला आमच्या बांगड्यातल्या पाहुण्याचा आजोबा. पण तो मेलेले मासे-देवमासे खाऊन तळ साफ करणारा प्राणी आहे. चेहरेपट्टी जवळपास तीच, पण धंदा वेगळा.

## खोल समुद्रातल्या माशांत जंत पोचतात कसे?

मला पडलेला प्रश्न असा की दोन किलोमीटर खाली, काळोखात, इतक्या तुरळक वस्तीत परजीवीला पुढचा मासा सापडतो कसा?

उत्तर आहे, कुरिअर. ॲनिसॅकिस या गोलकृमीचं उदाहरण घ्या. पूर्ण वाढलेला कृमी देवमासा किंवा डॉल्फिनच्या पोटात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात पडतात. त्यातली अळी कोळंबीसारख्या लहान कवचधारी प्राण्यात शिरते. त्याला छोटा मासा खातो, छोट्याला मोठा. अळी प्रत्येक वेळी नव्या घरात जाते आणि वाट बघत, वेटोळं करून पडून राहते. शेवटी तो मासा देवमाशाने खाल्ला की पार्सल पत्त्यावर पोचलं. म्हणूनच मोठ्या, म्हाताऱ्या, शिकारी माशांत अशा अळ्या साठत जातात.

खोल समुद्रातही हाच हिशोब चालतो. पाण्याच्या मधल्या थरात तरंगत राहणाऱ्या माशांत परजीवींचे प्रकार कमी सापडतात. तळाजवळ फिरणाऱ्या, मिळेल ते खाणाऱ्या लांब शेपटीच्या रॅटटेल माशांत ते जास्त असतात. जेवणाचं ताट जितकं मोठं, तितके पाहुणे जास्त. म्हणजे माशाच्या पोटातले जंत बघून तो काय खातो आणि त्याच्या शेजारी कोण राहतं, हे ओळखता येतं. तिथे कॅमेरा न नेता!

## समुद्रतळावरून पामीरला

1893 मध्ये इंडियन म्युझियमचे प्रमुख जेम्स वुड-मेसन वारले आणि त्यांच्या जागी ॲल्कॉक आले. मेडिकल कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणंही सुरू झालं. या दोघांनी मिळून 1891 मध्ये एका पाकटाबद्दल सुंदर शोध लावला होता. या पाकटाची मादी पिल्लाला पोटातच वाढवते. तिच्या गर्भाशयाच्या आतल्या बाजूने बारीक धागे निघतात, पिल्लाच्या डोळ्यामागच्या छिद्रांतून आत जातात आणि त्यातून दुधासारखा रस त्याला पाजतात.

1895 मध्ये सरकारने त्यांना पामीर सरहद्द आयोगाबरोबर पाठवलं. समुद्राच्या तळावरून थेट जगाच्या छपरावर. तिथेही त्यांनी प्राणी-वनस्पती गोळा केल्या. परत आल्यावर कामाचा झपाटा असा की 1899 मध्ये खोल समुद्रातल्या हिंदी माशांची वर्णनात्मक यादी, 1901 मध्ये खोल पाण्यातल्या कोळंबी-शेवंडांसारख्या कवचधाऱ्यांची यादी, आणि 1902 मध्ये सामान्य वाचकांसाठी इन्व्हेस्टिगेटरवरच्या दिवसांचं पुस्तक. 1901 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

## आसाम परत येतं

आता मघाचा धागा उचलू.

ॲल्कॉक यांच्या आधी इन्व्हेस्टिगेटरवर सर्जन-नॅचरॅलिस्ट होते जॉर्ज जाइल्स. जहाज सोडल्यावर त्यांना सरकारने आसामात पाठवलं, काळा आजार म्हणजे काय ते शोधायला. ताप, प्लीहा वाढलेली, माणूस काळवंडून खंगत जातो, गावंच्या गावं ओस. जाइल्स यांनी मृतांच्या आतड्यांत अंकुशकृमी पाहिले, भरपूर पाहिले, आणि 1890 मध्ये अहवाल दिला की काळा आजार म्हणजे या कृमींचाच आजार. ते चुकले. कृमी खरोखरच होते, पण ते त्या भागात निरोगी माणसांतही होते. पुढे रोनाल्ड रॉस यांनीही काळ्या आजाराचं खापर हिवतापावर फोडलं, तेही चुकलं. खरा परजीवी 1903 मध्ये सापडला, लेशमन आणि डोनोव्हन यांना, स्वतंत्रपणे. तो इतका बारीक की पेशीच्या आत बसतो. आणि तो पसरवते वाळूमाशी, हे सिद्ध व्हायला 1942 उजाडलं.

म्हणजे बघा, जंत सापडला म्हणून तोच गुन्हेगार असं होत नाही. कोण कोणाच्या आत राहतं, कुठून येतं, कुठे जातं, ही पूर्ण साखळी लावल्याशिवाय निदान पुरं होत नाही. ॲल्कॉक यांनी त्या काटेरी माशाच्या बाबतीत हेच केलं होतं.

त्याच काळात हिवतापाचंही कोडं सुटत होतं. पॅट्रिक मॅन्सन यांनी 1877 मध्ये चीनमध्ये दाखवलं होतं की हत्तीपायाचे कृमी डासाच्या शरीरात वाढतात. रॉस यांनी 1897 मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. पण कोणता डास? रॉस यांच्याकडे डासांची ओळख पटवणारी पुस्तकंच नव्हती. पंखांवर ठिपके असलेला डास, एवढंच ते लिहू शकले. डॉक्टरांना प्राणिशास्त्र येत नाही, ही अडचण आता जिवावर बेतणारी झाली होती.

आणि इथे खोल समुद्रातली माणसं कामाला आली. जाइल्स यांनी आपली चूक मागे टाकून 1900 मध्ये डासांवरचा ग्रंथ लिहिला. आपल्याकडे ग्रामीण भागात हिवताप पसरवणारा प्रमुख डास ॲनाफेलिस क्युलिसिफेसीस, त्याच्या नावापुढे आजही लिहिलेलं असतं जाइल्स, 1901.

ॲल्कॉक कोलकाता सोडून इंग्लंडला गेले आणि मॅन्सन यांच्या लंडन स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकवू लागले. समोर बसलेले विद्यार्थी म्हणजे आशिया-आफ्रिकेत जाणारे तरुण डॉक्टर. त्यांना ते डास, माश्या, गोचिड्या, उवा, पिसवा ओळखायला शिकवत. पंखांवरच्या शिरा मोजा, तोंडाचे अवयव बघा, अळी कुठे वाढते ते शोधा. हीच पद्धत त्यांनी खोल समुद्रातल्या माशांवर वापरली होती. 1911 मध्ये त्यांचं वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीचं कीटकशास्त्राचं पुस्तक आलं. पुढे ते तिथेच मेडिकल झूलॉजीचे प्राध्यापक झाले. निवृत्तीनंतर 1927 मध्ये फिलिप मॅन्सन-बार यांच्यासोबत त्यांनी मॅन्सन यांचं चरित्र लिहिलं. 24 मार्च 1933 रोजी केंटमधल्या बेल्व्हेडियर इथे त्यांचं निधन झालं.

पुरुलियातून आसामला मजूर पाठवणारा मुलगा आणि त्या मजुरांना मारणाऱ्या आजारांचे वाहक ओळखायला डॉक्टरांना शिकवणारा प्राध्यापक, हा एकच माणूस. एकाने दुसऱ्याची भरपाई झाली, असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसांचा हिशोब असा मिटत नाही. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवूनच हे आयुष्य वाचायला हवं, असं मला वाटतं.

## या सगळ्याचं पुण्याशी काय?

ॲल्कॉक यांच्यानंतर म्युझियममध्ये नेल्सन ॲनंडेल आले आणि 1916 मध्ये म्युझियमच्या प्राणी विभागातून झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया उभी राहिली. तिचं पश्चिम विभागीय केंद्र आपल्या आकुर्डीत आहे. त्या रस्त्याने मी कितीतरी वेळा गेलोय, बोर्ड वाचलाय, आत काय चालतं याचा कधी विचार केला नव्हता. प्राण्यांचे नमुने गोळा करणं, ओळख पटवणं, बरणीवर चिठ्ठी लावून जपणं, हीच ती इन्व्हेस्टिगेटरवरची परंपरा.

जुन्या बरण्यांचा आज उपयोग काय, असं कोणी विचारलं तर हे सांगा. ॲल्कॉक यांच्या काळात बहुतेकांना मासा हवा असायचा, त्याच्या पोटातला जंत नाही. त्यामुळे जगभरच्या संग्रहालयांतल्या माशांमध्ये तेव्हाचे परजीवी तसेच पडून आहेत. आता संशोधक ते मासे काळजीपूर्वक उघडतात, जंत मोजतात आणि शंभर वर्षांत काय बदललं ते बघतात. अमेरिकेत तर कॅनमध्ये बंद केलेल्या जुन्या सामन माशांतले कृमी मोजून झालेत. 2020 मधल्या एका अभ्यासाने जगभरचे जुने आकडे एकत्र केले, तेव्हा 1970 च्या दशकानंतर ॲनिसॅकिसचं प्रमाण 283 पट वाढल्याचं दिसलं. भीतीदायक वाटतं ना? पण एक शक्यता चांगली आहे. देवमाशांची शिकार थांबली, त्यांची संख्या सावरली, तर त्यांच्या पोटात राहणारा कृमीही वाढणारच.

आणि खाली प्रत्यक्ष जायची वेळही आता जवळ येते आहे. समुद्रयान प्रकल्पातली मत्स्य 6000 ही पाणबुडी तीन माणसांना 6000 मीटर खोलीवर नेण्यासाठी चेन्नईत तयार होते आहे. ॲल्कॉक यांनी आंधळेपणाने जाळं टाकलं, तिथे आपण खिडकीतून बघू शकू. मासा जिवंत, अंगावरचे पाहुणे जागच्या जागी.

## मग मासा खायचा की नाही?

खायचा. फक्त एवढं लक्षात ठेवा:

1. कल्ल्यातला किंवा तोंडातला आयसोपॉड दिसला तर काढून टाका. माणसाला तो लागत नाही. विकणाऱ्याचा यात दोष नाही, तो समुद्रातूनच आलेला असतो.
2. मासा नीट शिजवा. आतपर्यंत 63 अंश सेल्सिअस तापमान गेलं की ॲनिसॅकिसच्या अळ्या मरतात. आपलं कालवण रटरट उकळतं आणि तव्यावरचा तुकडा खरपूस होतो, तिथे हा प्रश्न सुटलेला असतो. तुकडा जाड असेल तर मध्यभागी कच्चा राहिला नाही ना, ते बघा.
3. लिंबू, कोकम, व्हिनेगर किंवा मीठ चोळून ठेवल्याने अळ्या खात्रीने मरत नाहीत.
4. सुशीसारखा कच्चा मासा खाणार असाल तर तो उणे 20 अंशांवर सात दिवस गोठवलेला हवा. घरचा फ्रीझर तेवढा थंड असेलच असं नाही, त्यामुळे हा प्रयोग घरी करू नका.
5. ॲनिसॅकिसची ॲलर्जी काहींना असते, आणि ती शिजवलेल्या माशानेही उठू शकते. मासा खाल्ल्यावर अंगावर पित्त उठत असेल, श्वास लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

हे सगळं मी भाच्याला समजावलं. जीभ खाणाऱ्या आयसोपॉडचा फोटो दाखवणं कदाचित चुकलं. पण आधी नर आणि मग मादी, हे त्याला फारच आवडलं. पुढच्या रविवारी आईने बांगडे आणले तेव्हा तोच ओट्याशी उभा राहून एकेक कल्ला उचलून बघत होता. त्या दिवशी एकातही काही निघालं नाही. बिचारा नाराज झाला, आणि मग दोन तुकडे खाल्ले.